घमेल्यात आनलेलं कासव

माह्या नवऱ्यानं ते कासव घमेल्यात आनलं, वरून ओलं पोतं झाकून, अन् मी मसाला वाटाले बसली. हे पयलेच सांगून टाकते, कारन पुढं लोकं मले लय चांगलं चांगलं म्हनाले, अन् ते ऐकताना दरवेळी मले तो पाटाच आठवे.

रोवन्याचे दिवस होते. आमच्या मूल तालुक्यात धानाच्या सगळ्या बांध्याइत चिखलनी चालू होती. ट्रॅक्टरले लोखंडाचे जाळीदार चाकं लावतेत ना, केजव्हील, त्यानं चिखल फिरवतेत, अन् चिखलात जे बसून असन ते त्याच्यात सापडते. बेंडूक सापडते, खेकडा सापडते, यावेळी कासव सापडलं. एका बाजूनं त्याची पाठ फुटून गेली होती, खापर फुटते तशी, अन् फटीतून लाल दिसत होतं. नवरा वनखात्याच्या नर्सरीत रोजंदारीवर चौकीदार हाये, आमी तिथंच एका खोलीत राहातो, सागाच्या अन् बांबूच्या रोपायच्या मधात. पोरगी तेव्हा नुसती रांगत होती. नवऱ्यानं घमेलं दारात ठेवलं अन् फोनले रेंज भेटत नाई म्हून नर्सरीच्या फाटकाकडं गेला. मी पोतं उचलून पायलं. माहेरी आलापल्लीकडं मामा असं काही आने तर त्या दिवशी घरात सन असे. मले वाटलं, पोरगी अंगावर पिऊन राह्यली, मी वाळून गेली, म्हून यानं आनलं असन माह्यासाठी. मले बरंच वाटलं, खरं सांगते. खोबरं भाजलं, लसून सोलला, धने घेतले, वाटाले बसली.

नवरा परत आला तर म्हने, "हे कायचं व?"

मी म्हनलं, "कासवाचं."

तो माह्याकडं पायतच राह्यला. मंग एकदम हळू आवाजात म्हने, "अव, ते सरकारी हाये. गार्ड येऊन राह्यले, चंद्रपूरचा जनावराचा डॉक्टर येऊन राह्यला. हे झाक पयले."

झाकाले टाईमच नाई भेटला. गाडी आलीच. डॉक्टर पोरगाच होता, चष्मा होता, बुट चिखलानं भरले होते. आत पाय टाकल्याबरोबर म्हने, वा वहिनी, काय मस्त वास येतोय, काय बेत आहे आज. नवरा म्हने, बटाटे, साहेब. गार्डनं पाट्याकडं पायलं, घमेल्याकडं पायलं, अन् मिशीत हासला. गार्ड इथलाच माणूस, त्याले सगळं समजलं. मी पोरीले घेऊन चुलीमांगं जाऊन बसली, तिच्या आंगावर पदर टाकला अन् माह्या तोंडावरबी. रातच्याले आमी खरंच बटाटे खाल्ले त्या मसाल्यात. नवऱ्यानं चांगले खाल्ले. माह्या ताटातलेबी म्या त्यालेच वाढले.

डॉक्टरानं कासवाची पाठ धुतली, चिखल काढला, तुकडे बरोबर जागेवर बसवले, औषध लावलं, वरून पट्टी चिकटवली. सुईबी टोचली. कासव चंद्रपूरले न्याचं होतं, पन नाल्याचं पानी पुलावरून चढलं होतं, गाडीच कशीबशी आली होती, धक्क्यानं पाठ अजून उघडन म्हने. म्हून म्हनाला, थोडे दिवस इथंच ठेवा. दिवसा कोरड्यात, सावलीत, खाली ओलं फडकं. दिवसातून एकडाव घमेल्यात पानी घालून बसवा, पन जखमेले पानी लागू देऊ नोका. पट्टी रोज बदलाची. खाईन तेव्हा गोगलगाय द्या, बारीक मासोळी द्या. हे सगळं त्यानं नवऱ्याले सांगतलं, अन् मधात मधात माह्याकडं पाये, कारन त्याले समजलं असन का हात कोनाचे लागनार हायेत.

मले लय भेव वाटे. सासू गावातून तांदूळ घेऊन आली तर म्हने, कासवानं बोट धरलं तर आभाळ गरजल्याबिगर सोडत नाई. मी पयले पयले चुलीतल्या चिमट्यानं फडकं सरकवू. पट्टी बदलताना पोरगी मांगं रडे, अन् मी एका हातानं तिचा झोका ओढू अन् दुसऱ्या हातानं मलम. ते मान आत घेऊन बसे. त्याच्या मांगच्या पायाईवर कातड्याचे पल्ले असतेत, दोन झाकनावानी, पाय आत घेतले का पल्ले बंद होतेत, मंग काहीच दिसत नाई. मले ते पाऊन हासू ये. म्हनू, तुह्या घराले दारं हायेत बाप्पा, आमच्या घराले तर नुसती फळी हाये.

हळूहळू ते खाऊ लागलं. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून गोगलगायी वेचून आनू, दगडानं फोडू, समोर ठेवू. मान बाहीर काढे, नाक असं लंबं, डुकरावानी, अन् गपकन घे. मी चिमटा सोडला, हातानं देऊ लागली. नाला उतरला, डॉक्टर आला, पाठ पाऊन खूश झाला. म्हने, आता कायले न्याचं चंद्रपूरले, इथंच बरं होऊन राह्यलंय, ताईंच्या हाताला गुण आहे. गार्ड म्हने, हो साहेब, मसालाबी चांगला वाटतेत. नवरा हासला. मी आत गेली.

मंग लोकं पायाले येऊ लागले. रोवन्याच्या बाया घरी जाताना वाकडी वाट करून येत, शाळेचे मास्तर पोरं घेऊन आले, गार्ड मोबाईलवर फोटो काढे. त्यातली एक बाई, आमच्या सासरकडलीच, कमरेवर हात ठेवून उभी राह्यली अन् म्हने, "का व, कासव तर गुटगुटीत केलं तुनं. पोट्टी मातर काडीच राह्यली."

सगळ्या हासल्या. मीबी हासली. पोरगी खरंच काडी होती, काय बोलनार.

दुसऱ्या दिवसापासून कासवानं खानं सोडलं. गोगलगाय समोर ठेवली तरी मान बाहीर नाई. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाई. मी मासोळी देल्ली, गांडूळ देल्लं, नाई. मले वाटे, हे मरन, अन् सगळे म्हनतीन चौकीदाराच्या बायकोनं मारलं, अन् गार्डले तर पाटा मालूमच हाये, तो म्हनन हिचा मनसुबा पयलेपासूनच होता. नवऱ्याले नर्सरीतून काढतीन. नवऱ्यानं डॉक्टराले फोन केला, तर डॉक्टर म्हने होते असं, वातावरन बदललं का, वाट पाहा. पन मले वातावरन नाई दिसत होतं, मले त्या बाईचं तोंड दिसत होतं.

माह्या पोरीच्या पायात काळा दोरा होता. सासूनं पुजाऱ्याकडून आनला होता, जन्मली तेव्हाच, उरलेल्या दोऱ्याची गुंडी माह्या डब्यात होती. कोनी सांगतलं नाई मले, कोनाचं नाव घेत नाई. मीच एक तुकडा तोडला, सात गाठी मारल्या, अन् कासवाचा मांगचा पाय पल्ल्यातून बाहीर ओढून वरच्या बाजूले बांधला. त्यानं पाय झाडला. पक्का बांधला, निंघू नये म्हून. मंग सोडला तर पाय आत गेला, पल्ला बंद झाला, दोरा दिसेनासा झाला. मले तेच पायजे होतं. समोरच्या पायाले बांधला असता तर डॉक्टराले दिसला असता, अन् तो चष्म्यातून पाऊन म्हनला असता, ताई, हे काय. गार्डनं तर गावभर सांगतलं असतं. एकडाव त्यायनं मले हासलं होतं, आता परत नाई, असं मनात होतं.

अन् दुसऱ्याच दिवशी त्यानं गोगलगाय खाल्ली.

मले इतका आनंद झाला का मी पोरीले उचलून रोपायच्या मधून चक्कर मारून आली. मले वाटलं, पाह्य, डॉक्टराच्या सुईनं नाई झालं ते म्या केलं. कोनाले सांगतलं नाई. आतल्या आत फुगून राह्यली. त्यानंतर पट्टी बदलू, मलम लावू, पानी बदलू, पन तो पल्ला उचलून कधी पायला नाई. उचलाची गरजच काय, असं वाटे. खरं म्हंजे दोरा माह्यासमोर आला का मले डॉक्टर आठवे.

धान निसवलं, लोंब्या बाहीर आल्या. पाठीची फट भरून आली, वरून पांढुरकं झालं. डॉक्टर म्हनाला होता, कापनी सुरू व्हाच्या पयले सोडू, थंडी पडली का ते चिखलात बसते, त्याच्या पयले त्याले जागा भेटली पायजे. म्हून तो शेवटचं पायाले आला. गार्ड होता, नवरा होता. नर्सरीच्या सिमेंटच्या टाक्यात कासव सोडलं. मी आत पोरीले खिचडी चारत होती, दारातून दिसत होतं. कासव पोहलं, पन सरळ नाई. गोल फिरे. एकाच बाजूले फिरे, भिंतीले आपटे, परत फिरे. डॉक्टरानं त्याले बाहीर काढलं, मांडीवर घेतलं अन् पल्ला उचलला.

मी चमचा खाली ठेवला.

पाय सुजून भजं झाला होता. कापसाचा दोरा पान्यात भिजला, वाळला, परत भिजला, आवळत गेला, अन् कातडीत घुसला. बोटं काळी पडली होती. डॉक्टरानं लहान चिमट्यानं दोरा धरला, कैचीनं कापला, ओढून काढला, उजेडात धरला. म्हने, "हे कोणी केलं?"

नवऱ्यानं दोरा पायला. त्यानं वळखला, घरात रोज दिसते त्याले. तो म्हने, "म्या केलं साहेब. पळून जाईन म्हून बांधून ठेवत होतो."

"दावणीला बांधायला गाय आहे का ती?" डॉक्टर कधी वरच्या आवाजात बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला. म्हने, एवढ्या विश्वासानं तुमच्याकडं दिलं, एवढी पाठ जुळून आली, अन् आता हा पाय नाई सुधारला तर याला सोडता यायचं नाई. जन्मभर टाक्यात गोल फिरत राहील. त्यापेक्षा त्या दिवशी चाकाखालीच गेलं असतं तर बरं. नवरा खाली मान घालून उभा. गार्ड म्हने, याले बदलाच लागन साहेब, दुसरा माणूस पाहातो.

मी दाराच्या आत उभी होती. एवढं सगळं ऐकलं तरी मी बाहीर नाई गेली. लोकं म्हनतेत पाय उचलत नाई, तसं काही नव्हतं, पाय उचलत होते. मी मनात म्हनत होती, थांब, कदाचित यानं बोललेलंच चालून जाईन. एवढी शरम मले कायचीच नाई, मसाल्याचीबी नाई, दोऱ्याचीबी नाई, जेवढी त्या उभं राहन्याची हाये.

पोरगी मातर खिचडीचं तोंड घेऊन रांगत रांगत बाहीर गेली. टाक्याजवळ गेली, डॉक्टराच्या बुटाले धरून उभी राह्यली. डॉक्टरानं खाली पायलं. तिच्या पायात तोच दोरा. त्यानं चिमट्यातल्या दोऱ्याकडं पायलं, परत तिच्या पायाकडं.

मंग मी गेली. म्हनलं, "साहेब, म्या बांधला. नजर लागली होती म्हून. हे खोटं बोलून राह्यले, यायले मालूमबी नव्हतं."

गार्ड हासला, नाकातून. डॉक्टर नाई हासला. तो खाली बसला, पोरीच्या पायातल्या दोऱ्यात करंगळी घालून पायली. सैल होता. म्हने, "हिचा इतका सैल आहे, मग याचा का नाही?"

मी म्हनलं, "पोरीचा मी रोज आंगोळीच्या टायमाले पायते. पाय वाढला का दुसरा बांधते. याचा पायलाच नाई."

"का नाही पाहिला?"

"तुमाले दिसू नये म्हून लपवला, मंग मीबी पल्ला नाई उचलला. दिसला का तुमी हासान."

डॉक्टरानं दोऱ्यातून करंगळी काढली. मंग म्हने, "हसलो असतो. खरंय ते. हसून कापून टाकला असता, बस."

हे त्यानं रागानं नाई म्हनलं, पन मले ते अजून पोट्टीले झोपवताना कानात येते.

त्यानं पायाचे दोन काळे झालेले बोटं काढले, औषध लावलं. म्हने, पाय राहील का नाई माहीत नाही, पंधरवड्यानं येतो. कासव नेतो असं मले वाटलं होतं. त्यानं नाई नेलं. गार्डले म्हनलं, माणूस बदलाची गरज नाई, अन् मले म्हनलं, काहीबी दिसलं तर फोन करा, सूज, वास, काहीबी, मूर्खपणाचं वाटलं तरी करा. मी मान हालवली. त्यानं कासव तिथं ठेवलं हीच मले मोठी शिक्षा वाटली. नेलं असतं तर मी पाटा धुवून टाकल्यावानी विसरून गेली असती.

त्यानंतर मी तो पाय रोज पाये, दिवसातून कितीकडाव. पल्ला उचलू, मलम लावू, घमेल्यातल्या कोमट पान्यात त्याचा पाय धरून हळूहळू मांगं-पुढं करू, डॉक्टरानं दाखवलं तसं. सूज उतरली तेव्हा फोन केला. चामडी निंघाली तेव्हा फोन केला. एकडाव पायाले हिरवं दिसलं म्हून घाबरून फोन केला, तर ते पालकाचं पान चिकटलं होतं. डॉक्टर फोनवर मस्त हासला. मले वाईट नाई वाटलं.

नवरा मले काही बोलला नाई. हे लय जड गेलं. त्यानं शिव्या देल्ल्या असत्या तर मीबी दोन देल्ल्या असत्या अन् झालं असतं. तो नुसता सकाळी फाटकाकडं जाताना कासवाजवळ थांबे, पाये, अन् जाय. एका दिवशी मीच म्हनलं, तुमी कायले माह्यावरचं आपल्या आंगावर घेतलं. तर म्हने, तू आत होती ना, मले वाटलं तू बाहीर येनारच नाईस. एवढंच. मी भांडे घासाले बसली.

ती रोवन्याची बाई परत आली तर म्हने, नजर मीच लावली म्हनते ना व तू सगळ्याइले. मी म्हनलं, नाई बाई, म्याच लावली. ती समजली नाई, अन् मी समजवून सांगतलं नाई. पोरीच्या पायातला दोरा काढावा असं मले कितीकडाव वाटलं. कैची घेऊनबी बसली. नाई काढला. पोरगी आजारी पडली तर मंग काय करू, असं भेव वाटे. अजून हाये तो.

कापनी लागून गेली होती, थंडी चालू झाली होती, तेव्हा डॉक्टर म्हने आता नाई तर नाईच. गावाच्या तलावावर गेलो. शिंगाड्याचे वेल पसरले होते, पानी खाली निवळशंख. डॉक्टरानं पयलेच सांगून ठेवलं, मी दोन डाव पाहीन. गोल फिरून काठाला परत आलं तर याला चंद्रपूरला नेतो, तिथं टाकं आहे, खायला भेटन, पन मग सोडायचं नाई. मंग मले म्हने, ताई, तुम्हीच सोडा.

मी म्हनलं, यायले सोडू द्या. नवरा म्हने, माह्या हातात पोट्टी हाये. त्यानं मुद्दाम पोरीले उचलून घेतलं होतं.

मी पान्यात उतरली, लुगडं भिजलं, कासव खाली ठेवलं. थंडगार पानी. ते थोडं बसलं, मंग निंघालं. अन् फिरलं. त्या पायाकडं फिरलं, गोल, अन् सरळ माह्याच पायाजवळ येऊन थांबलं, मान बाहीर काढून. गार्ड काठावरून म्हने, पाह्य, मायकडं आलं. सगळे हासले. ते मायकडं नव्हतं आलं, त्याले सरळ जाताच येत नव्हतं, अन् हे माह्याबिगर कोनाले तसं समजत असन असं मले नाई वाटत.

डॉक्टर म्हने, "बाहेर या. तुम्ही समोर नका उभ्या राहू."

मी बाहीर आली, सगळ्याच्या मांगं जाऊन उभी राह्यली, नवऱ्याच्या पाठीआड. डॉक्टरानं त्याले परत पान्यात ठेवलं, यावेळी थोडं खोलात. मले काही दिसत नव्हतं. नवरा हळूच सांगे, पोरीले सांगावं तसं. निंघालं. फिरून राह्यलं. फिरून राह्यलं अजून. मंग तो चुप झाला. मी त्याच्या शर्टाले धरलं. तो म्हने, खाली गेलं, चिखल उडाला, चिखलाले पाय टेकवून निंघून राह्यलं. मी बाजूले सरकून पायलं. पान्यात मातीची एक रेघ चालली होती, सरळ नाई, नांगर धरता न येनाऱ्या मानसानं तास काढावा तशी वाकडी, इकडं जाय, तिकडं जाय, पन काठापासून लांबच जाय. शिंगाड्याच्या वेलाखाली रेघ गेली अन् मंग दिसली नाई. लय वेळानं तिकडं लांब लंबं नाक वर आलं, श्वास घेतला, खाली गेलं.

डॉक्टरानं चष्मा काढून पुसला. म्हने, गेलं. सरळ नाही जाणार ते आता कधी, पण जाईल.

गाडीकडं जाताना तो मले म्हने, धानाच्या दिवसात अशी अजून येतील, पुढच्या वेळी एखादं आलं तर ठेवाल का. नवरा म्हने, ठेवू ना साहेब, हे पाहाते सगळं. मले हो म्हनावं वाटत होतं, अन् नाईबी म्हनावं वाटत होतं, अन् दोन्ही म्हनाले माह्यं तोंड नव्हतं. पोरगी नवऱ्याच्या खांद्यावरून माह्याकडं हात करून राह्यली होती. मी तिले घेतलं, ओलं लुगडं पायाले चिकटत होतं, अन् मी सगळ्याच्या पुढं चालू लागली, माह्यं तोंड कोनाले दिसू नये म्हून.